मायएसक्यूएलच्या स्टोअर्ड प्रोसिजर: एरर न देणाऱ्या या चुका टाळा

मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये एसक्यूएल कमांड एकत्र करून, नाव देऊन साठवता येतात, ती स्टोअर्ड प्रोसिजर. ती बनवतानाच १०६४ एरर (वाक्यरचनेची चूक) आली, तर आधी डिलिमिटर, म्हणजे वाक्य संपल्याची खूण, बघा. कमांड लाइनवर तो बदलला नसेल, तर पहिल्या सेमीकोलनलाच क्लायंट (कमांड पाठवणारा प्रोग्रॅम) वाक्य संपलं असं समजतो आणि अर्धवट प्रोसिजर सर्व्हरकडे धाडतो. ही चूक निदान दिसते. मला धास्ती आहे ती न दिसणाऱ्या चुकांची.

माझ्या एका प्रोसिजरमध्ये पॅरामीटरचं नाव एम्प_आयडी होतं आणि कॉलमचंही तेच. अट होती: व्हेअर एम्प_आयडी = एम्प_आयडी. नावं सारखी असली की मायएसक्यूएल कॉलम सोडून पॅरामीटर धरतं. दोन्हीकडे तीच किंमत, म्हणून अट प्रत्येक ओळीला लागू. एकाचा पगार बदलायचा होता, सगळ्यांचा बदलला. टेस्ट डेटाबेस होता म्हणून निभावलं. तेव्हापासून माझ्या पॅरामीटरची नावं पी_ ने आणि व्हेरिएबलची व्ही_ ने सुरू होतात.

याहून छळणारी चूक कर्सरमध्ये, म्हणजे निकालाच्या ओळी एकेक करून वाचणाऱ्या रचनेत, असते. लूप थांबवायला आपण नॉट फाउंडचा हँडलर (ओळ न मिळाल्यावर चालणारा कोड) लावतो, तो डन नावाचा फ्लॅग (खुणेचं व्हेरिएबल) १ करतो. पण लूपच्या आत एखाद्या सिलेक्ट इंटूला (ओळीतली किंमत व्हेरिएबलमध्ये घेणाऱ्या कमांडला) ओळ मिळाली नाही, तरी तोच हँडलर चालतो. पाचशेपैकी चाळिसाव्या ग्राहकाचा पत्ता नसेल, तर लूप तिथेच आटोपतं आणि प्रोसिजर यशस्वी झाल्यासारखी परतते. काहीजण फ्लॅग पुन्हा शून्य करतात. तेवढं पुरत नाही, कारण व्हेरिएबलमध्ये आधीच्या ग्राहकाचा पत्ता तसाच राहतो. प्रत्येक फेरीत व्हेरिएबल नल (रिकामं) करा आणि आतल्या सिलेक्टला वेगळा बिगिन-एंड ब्लॉक आणि त्याचा स्वतःचा हँडलर द्या.

एसक्यूएल एक्सेप्शनसाठी, म्हणजे एरर आल्यावर, कंटिन्यू हँडलर (प्रोसिजर पुढे चालू ठेवणारा) लावून आत काहीच न लिहिणं, ही सवय कृपया सोडा. प्रोसिजर पडत नाही हे खरं, पण डेटा अर्धवट राहतो आणि का ते कुणालाच कळत नाही. एक्झिट हँडलर (तिथेच बाहेर पडणारा) लावा, रोलबॅक करा, म्हणजे झालेले बदल मागे घ्या, आणि लगेच रीसिग्नल (तीच एरर पुन्हा वर पाठवणारी कमांड) लिहा. आवृत्ती ५.५ पासून ते उपलब्ध आहे, त्यामुळे मूळ एरर कॉल करणाऱ्यापर्यंत जशीच्या तशी पोहोचते.

शेवटी पुन्हा एक दिसणारी चूक. डंप (डेटाबेसची काढलेली प्रत) दुसऱ्या सर्व्हरवर चढवल्यावर १४४९ एरर आली, तर प्रोसिजरचा डिफायनर (जिच्या नावावर ती नोंदलेली असते) असलेला युजर तिथे नाही. ऑल्टर प्रोसिजरने डिफायनर बदलत नाही. शो क्रिएट प्रोसिजरने कोड काढून घ्या, जुनी ड्रॉप करा आणि योग्य डिफायनर देऊन पुन्हा बनवा. जुनीवर दिलेल्या एक्झिक्यूट परवानग्या ड्रॉपबरोबर जाऊ शकतात, म्हणून त्या आधी लिहून ठेवा.