कुत्र्याच्या खाजेचे कारण शोधताना या चुका टाळा

आजारी आणि भटकी कुत्री बरी होईपर्यंत घरी ठेवून घेण्याचे काम मी पुण्यात गेली १४ वर्षे करते आहे. त्यामुळे ओळखीपाळखीची माणसेही आपापली खाजणारी कुत्री घेऊन माझ्याकडे येतात आणि पहिला प्रश्न विचारतात तो औषधाचा. मी त्यांना आधी चार गोष्टी विचारते: खाज कधी सुरू झाली, अंगावर नेमकी कुठे आहे, घरात आणखी कोणाला खाजते का आणि आजवर काय काय लावले किंवा टोचले. चौथ्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत लांबलचक निघते आणि बहुतेक वेळा घोळ तिथेच झालेला असतो.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे निदान होण्याआधीच घेतलेले स्टिरॉइडचे इंजेक्शन. योग्य निदानानंतर, योग्य मात्रेत स्टिरॉइड उपयोगी औषध आहे, याबद्दल माझे दुमत नाही. पण खाज कशाचीही असो, या औषधाने ती काही दिवस दबते, त्वचेवरच्या खुणा पुसट होतात आणि आजार मात्र आत वाढत राहतो. केसांच्या मुळांशी राहणाऱ्या डेमोडेक्स किडीमुळे चट्टे पडलेले असतील, तर प्रतिकारशक्ती दबल्याने ते अंगभर पसरू शकतात.

राणी नावाची एक देशी कुत्री माझ्याकडे आली, तेव्हा तिला सहा महिन्यांत अशी चार इंजेक्शने देऊन झाली होती. प्रत्येक वेळी पंधरा दिवस आराम पडे आणि मग खाज दुप्पट जोराने परत येई. तिच्या कानांच्या कडांवर आणि कोपरांवर राखाडी, जाड खपल्या होत्या. मी कानाच्या पाळीची कड बोटांच्या चिमटीत धरून चोळली, तेव्हा तिचा मागचा पाय आपोआप खाजवल्यासारखा हलू लागला. ही खूण दिसली की मला पहिला संशय खरजेचाच येतो. त्याच घरातल्या मुलाच्या पोटावर आणि मनगटांवर लाल पुरळ होते व त्याच्यावर वेगळ्या डॉक्टरांचे वेगळे उपचार चालू होते. दोन्ही गोष्टी एकत्र जोडून कोणी पाहिल्याच नव्हत्या. त्वचा खरवडून केलेल्या तपासणीत कीड सापडली नाही. मात्र खरजेची कीड संख्येने इतकी थोडी असू शकते की तपासणी कोरी आली म्हणून खरूज नाही असे ठरत नाही. आमच्या पशुवैद्यांनी गोचीड-पिसवांसाठी देतात त्या नव्या गोळ्यांपैकी एक देऊन पाहिली. खाज पूर्ण उतरायला महिना लागला आणि मुलाचे पुरळही त्याच सुमारास गेले.

पिसवांच्या बाबतीत मला रोज एकच वाक्य ऐकू येते: ‘आमच्याकडे पिसवा नाहीतच.’ शेपटीच्या मुळाशी आणि मांड्यांच्या मागे केस गेले असतील, तर बारीक दातांच्या फणीने तिथले केस विंचरावेत, निघालेले काळे कण पांढऱ्या ओल्या कापसावर टाकावेत आणि थोडे थांबावे. कणांभोवती तांबूस डाग उमटला, तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजेच पचलेले रक्त आहे. पिसवांच्या लाळेची ॲलर्जी असलेले कुत्रे स्वतःला सतत चावून-चाटून त्या गिळून टाकते, त्यामुळे एकही पिसू न दिसणे हा पुरावा नव्हे. अंडी, अळ्या आणि कोष तर अंथरुणात, सोफ्याच्या फटींत पडलेले असतात आणि कोषातली पिसू कित्येक महिने दबून राहू शकते. म्हणून मी घरातल्या सर्व प्राण्यांना सलग तीन महिने औषध देते. कुत्र्याचे पर्मेथ्रिनयुक्त औषध मांजराला मात्र कधीही लावू नये, त्याने मांजर दगावू शकते.

अन्नाच्या ॲलर्जीचा शोध हा माझ्या सर्वांत जिव्हाळ्याचा आणि सर्वांत जास्त त्राग्याचा विषय आहे. यासाठी पूर्वी कधीच न खाल्लेले प्रथिन घेऊन किमान आठ आठवडे तेवढेच अन्न द्यावे लागते. रक्ततपासणीने हे काम होत नाही. एका लॅब्राडॉरच्या मालकांनी अशी तपासणी करून घेतली होती आणि अहवालात ११ पदार्थ निघाल्याने ते हताश झाले होते. आम्ही उकडलेला, काटे काढलेला मासा आणि बटाटा सुरू केला. सहा आठवडे झाले तरी पंजे चाटून लालच होते, म्हणून मी एका दुपारी त्यांच्या घरी जाऊन बसले. चार वाजता कुत्रा उठला, आजोबांच्या खुर्चीपाशी गेला आणि आजोबांनी मायेने बशीतल्या चहात बुडवलेले बिस्किट त्याच्या तोंडात दिले. मी वहीत पुन्हा ‘दिवस १’ लिहिला. आजोबांशी शांतपणे बोलून त्यांच्या हाताशी उकडलेल्या बटाट्याच्या फोडींची डबी ठेवली. सातव्या आठवड्यात पंजे कोरडे झाले. मग एकेक पदार्थ परत देऊन पाहिला, तेव्हा चिकनने काहीच झाले नाही, पण दूध दिल्यावर तिसऱ्या दिवशी पंजे पुन्हा लाल झाले. पदार्थ परत देण्याची ही पायरी गाळली, तर ॲलर्जी सिद्ध झाली असे मी मानत नाही. चिकनच्या चवीच्या औषधी गोळ्याही या काळात चालत नाहीत.

त्वचेला आंबूस वास आणि तेलकटपणा असेल, तर बुरशी किंवा जिवाणूंचा संसर्ग असण्याचा संभव मोठा असतो. चिकटपट्टीने नमुना घेऊन तो सूक्ष्मदर्शकाखाली लगेच पाहता येतो. मात्र संसर्ग वारंवार उलटत असेल, तर त्याच्या मागे बहुधा ॲलर्जी किंवा दुसरा एखादा आजार असतो. खाज नसताना दोन्ही कुशींवरचे केस सारखेच विरळ होत असतील, तर थायरॉइडसारख्या संप्रेरकांच्या आजारांचा विचार पशुवैद्यांकडून करून घ्यावा.

गाडीचे जळके ऑइल अंगावर चोपडू नये, ते चाटून पोटात जाते आणि विषबाधा होते. माणसांची खाजेची मलमे लावू नयेत, कारण त्यांतल्या अनेकांत तीव्र स्टिरॉइड असते. प्रतिजैविकाच्या गोळ्या त्वचा बरी दिसू लागली म्हणून आपल्या मनाने थांबवू नयेत.

तपासणीच्या आदल्या दोन-तीन दिवसांत कुत्र्याला आंघोळ घालू नये, नाहीतर जे पाहायचे तेच धुऊन जाते. जाताना दिलेल्या सर्व औषधांची वेष्टने आणि त्यांच्या तारखा बरोबर न्याव्यात. मी खाजेला रोज रात्री ० ते १० पैकी गुण देऊन वहीत लिहिते आणि दर रविवारी त्याच खिडकीपाशी, त्याच जागेचा फोटो काढते. राणीच्या वहीत पहिल्या रात्री ९ आहे, विसाव्या रात्री ४ आणि एकतिसाव्या रात्री १.