खाऱ्या, दमट हवेत स्प्लिट एसी असा साफ ठेवा

मालवण, रत्नागिरी, अलिबागकडच्या घरांत एसीतून येणारा कुबट वास बहुतेकदा बुरशीचा असतो. थंड कॉइलवर पाणी धरतं आणि एसी बंद केल्यावर ती ओल आतच राहते. म्हणून बंद करण्याआधी २० ते ३० मिनिटं नुसता फॅन मोड चालवा. ही सवय सगळ्यात मोलाची.

साफसफाईआधी एमसीबी (एसीची वीज तोडणारा बोर्डावरचा स्विच) बंद करा. आतल्या युनिटच्या फिल्टरच्या जाळ्या दर १५ दिवसांनी साध्या पाण्याने धुवा आणि सावलीत पूर्ण सुकवा, कडक उन्हात चौकट वाकते. मग टॉर्च मारून ब्लोअरच्या, म्हणजे आतल्या लांबट पंख्याच्या, पात्यांत बघा. काळे ठिपके दिसले तर वरवर पुसून भागत नाही, मेकॅनिककडून जेट पंपाने धुवून घ्या.

आतलं युनिट भिंतीवर गळतंय? ड्रेन पाइपात बुळबुळीत गाळ अडकला असेल. बाहेरच्या टोकाला वेट-ड्राय व्हॅक्यूम (पाणीही ओढणारा व्हॅक्यूम क्लीनर) लावून २ मिनिटं ओढा. पाइपाला सलग उतार हवा, टोक बादलीतल्या पाण्यात बुडलेलं नको.

बाहेरच्या युनिटवर मीठ बसतं. महिन्यातून एकदा गोड्या पाण्याची हलकी धार सोडा. जोराच्या धारेने ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या मुडपतात, ॲसिडने त्या झिजतात.