देशाचा नंबर बघून पॉलिसी रिसर्च होत नाही

पॉलिसी रिसर्च, म्हणजे सरकारी धोरणांचा अभ्यास, करायचाय म्हणणाऱ्याला विषय विचारला की हमखास उत्तर येतं, गव्हर्नन्स (सरकारी कारभार कसा चालतो ते) आणि मानवी हक्क. अहो हे अख्खं कपाट झालं, त्यातला एक कप्पा उघडा ना. 'आरोग्यात सरकार कमी पडतंय का' असं धरलंत तर दोन वर्षं वाचतच बसाल, त्यापेक्षा 'बाळंतपणासाठी मंजूर झालेले पैसे वर्षअखेरीला शिल्लक का राहतात' असं काहीतरी घ्या, म्हणजे उत्तर थोडं कागदात सापडतं थोडं माणसांकडे.

मग सगळे जातात इंडेक्सकडे, म्हणजे देशांना मार्क किंवा नंबर देणाऱ्या याद्यांकडे, आणि घोळ तिथेच होतो. कुठल्या देशात किती भ्रष्टाचार वाटतो हे सांगणारा करप्शन परसेप्शन्स इंडेक्स 1995 पासून निघतोय पण 2012 ला त्याची पद्धत बदलली, त्यामुळे आधीचे आणि नंतरचे आकडे एका रेषेत जोडता येत नाहीत. मी जोडलेत! झकास चढता आलेख लोकांसमोर मांडला आणि मागून एकाने शांतपणे विचारलं, आधी मार्क दहापैकी असायचे ना, आता शंभरपैकी आहेत. संपला विषय. शिवाय तो इंडेक्स लाच मोजतच नाही, तज्ज्ञांना आणि उद्योगधंदेवाल्यांना काय वाटतं ते मोजतो, दवाखान्याच्या दारात कुणाला किती द्यावे लागले हे हवं असेल तर घरोघरी जाऊन केलेले सर्वे शोधा. वर्ल्ड बँकेचे गव्हर्नन्स इंडिकेटर्स सहा बाजूंनी मोजतात, कायद्याचं राज्य, भ्रष्टाचारावर नियंत्रण वगैरे, आणि प्रत्येक आकड्यासोबत मार्जिन ऑफ एरर, म्हणजे आकडा किती वरखाली असू शकतो त्याची मर्यादा, पण देतात, जी कुणी वाचत नाही. दोन देशांच्या मर्यादा एकमेकींवर चढत असतील तर हा पुढे तो मागे असं छातीठोक लिहू नका. आणि कुठल्या देशात धंदा करणं सोपं हे सांगणाऱ्या ज्या डुइंग बिझनेस रँकिंगमध्ये वर जायला कित्येक सरकारांनी नियम बदलले ते रँकिंग आकड्यांत गडबड सापडल्यावर 2021 मध्ये वर्ल्ड बँकेनेच बंद केलं, म्हणजे बघा.

जीडीपीचंही तसंच. घानाने 2010 मध्ये हिशोबाचं आधारवर्ष (ज्या वर्षाच्या किमती आणि धंदे धरून जीडीपी मोजतात ते) बदललं आणि अर्थव्यवस्था साधारण 60 टक्क्यांनी मोठी दिसायला लागली, नायजेरियाने 2014 मध्ये बदललं तर 89 टक्के. लोक काही एका रात्रीत श्रीमंत झाले नाहीत, आधी न मोजलेले धंदे मोजले गेले एवढंच. म्हणून विकसनशील देशाचा कुठलाही आकडा घेताना शेजारी आधारवर्ष लिहून ठेवा, आणि 'जीडीपीच्या किती टक्के शिक्षणावर' असली गुणोत्तरं तर जपूनच, कारण खालचा आकडा, म्हणजे जीडीपी, फुगला की खर्च तेवढाच असूनही टक्केवारी पडते.

मानवी हक्कांसाठी माझी आवडती जागा म्हणजे युनोची युपीआर, युनिव्हर्सल पिरियॉडिक रिव्ह्यू, म्हणजे प्रत्येक देशाच्या मानवी हक्कांच्या स्थितीची ठरावीक काळाने होणारी तपासणी. 2008 पासून सगळ्या सदस्य देशांची पाळी फिरून फिरून येते आणि प्रत्येक वेळी तीन कागद असतात, एक सरकारचा स्वतःचा रिपोर्ट, दुसरा युनोच्या यंत्रणांकडे असलेल्या माहितीचा, तिसरा संस्था-संघटनांनी पाठवलेल्याचा सारांश. तिन्ही शेजारी ठेवून वाचा, सरकारच्या कागदात नसलेलं पण बाकी दोन्हींत असलेलं जे काही दिसेल तिथे तुमचा रिसर्च आहे. मग या तपासणीत बाकीच्या देशांनी केलेल्या शिफारशी बघा. देश एकतर त्या मान्य करतो नाहीतर 'नोंद घेतली' म्हणतो, आणि नोंद घेतली म्हणजे सभ्य भाषेत नाही. मान्य केलेल्यांपैकी कशासाठी पुढच्या बजेटमध्ये खरंच पैसे ठेवले हे शोधलंत तरी एक चांगला पेपर होतो, हे काम फार कमी लोक करतात कारण कंटाळवाणं आहे.

बजेटबद्दल एकच सांगतो, जाहीर झालेल्या आकड्यावर थांबू नका. मंजूर किती, मध्येच बदलून किती केलं, प्रत्यक्ष खर्च किती, आणि ऑडिटवाले काय म्हणाले. ऑडिट उशिरा येतं, त्यामुळे दोन-तीन वर्षं जुनं साल घ्यायला लाजू नका.

माणसांशी बोलताना आधी स्पष्ट सांगा की बोललात म्हणून काही मिळणार नाही आणि नाही बोललात तरी काही बिघडणार नाही, लोकांना वाटतं हा सरकारकडून आलाय, यादीत नाव घालेल. नावं वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि मुलाखतीवर नुसता नंबर टाका. फक्त अन्याय झालेल्याशी बोलून उठू नका, काउंटरच्या पलीकडच्या क्लार्कशी पण बोला, कारण बऱ्याचदा पैसे का अडकले हे साहेबापेक्षा त्यालाच माहीत असतं, फॉर्म कुठल्या टेबलावर पडून राहतो, सही कुणाची लागते, सिस्टीम कधी बंद असते सगळं.

लिहून झालं की छापायच्या आधी ड्राफ्ट ज्या सरकारी खात्याबद्दल लिहिलंय त्या खात्याला पाठवा आणि उत्तराची तारीख घाला. बहुतेक वेळा उत्तर येत नाही, तर तेही लिहा, अमुक तारखेला विचारलं होतं, उत्तर आलं नाही. आलं तर भांडणाचं का असेना, पूर्ण जोडा.