जत्रेचं नाटक नेटवर टाकायचंय? ही तयारी आधी करा

जत्रेच्या नाटकाच्या तालमी सुरू झाल्या की मंडळात नेपथ्य, कपडेपट, रंगभूषा, ऑर्गन, तबला अशी सगळी यादी होते. चित्रीकरणाचं मात्र शेवटच्या आठवड्यात कुणाच्या तरी लक्षात येतं. ते पहिल्याच बैठकीत घ्या आणि कॅमेरा कुणाचा आणायचा याच्याही आधी एक ठरवा: हे नाटक कोण बघणार, कशावर आणि किती वेळ? गोव्यात पेडण्यापासून काणकोणापर्यंत बहुतेक गावांतली माणसं बोटीवर, आखातात नाहीतर पुण्या-मुंबईत आहेत. ज्याला जत्रेला येता आलं नाही त्याला नांदीपासून अख्खं नाटक हवं असतं. ज्याला मंडळ माहीतच नाही तो आधी एखादं पद ऐकणार आणि मग ठरवणार. म्हणून व्हिडिओ दोन प्रकारचे ठरवा: यूट्यूबसाठी पूर्ण लांबीचा आडवा, आणि रील-शॉर्टसाठी मिनिट-दीड मिनिटाचा उभा. दहा-बारा मिनिटांच्या ‘हायलाइट्स’च्या भानगडीत पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात कथा कळत नाही आणि गाणंही रंगत नाही.

पूर्ण नाटक टाकायचं तर मंडळाचं चॅनेल आजच तपासा. फोन नंबरची पडताळणी झाली नसेल तर यूट्यूबवर १५ मिनिटांपेक्षा मोठा व्हिडिओ चढत नाही. ती झाली की मर्यादा १२ तास किंवा २५६ जीबी, यातलं जे कमी असेल ते. ओटीपी ज्याच्या फोनवर येतो तो सभासद गावात असताना हे काम उरका. नाटककाराकडून प्रयोगाची परवानगी घ्यावी लागतेच, त्याच पत्रात ऑनलाइन प्रसारणाचाही स्पष्ट उल्लेख करून घ्या, कारण रंगमंचावर करण्याची परवानगी म्हणजे नेटवर दाखवण्याची परवानगी नव्हे. भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतो, तेव्हा लेखक हयात नसतील तर वारसांना विचारा. देवस्थान समितीला आणि बालकलाकारांच्या आईवडिलांनाही विचारायचं आहेच.

आता कॅमेरा. फाइल एमपी४, त्यात चित्र एच.२६४ आणि आवाज एएसी (चित्र आणि आवाज दाबून साठवायच्या या पद्धती), ४८ किलोहर्ट्झ. हे कुठेही चालतं, जुन्या लॅपटॉपवरसुद्धा. नवे फोन जागा वाचवायला एच.२६५ मध्ये नोंदवतात. एडिटिंग करणाऱ्याचा संगणक जुना असेल तर तो त्यावर अडखळतो, त्यामुळे आयफोन असेल तर कॅमेऱ्याच्या ‘फॉरमॅट्स’मध्ये जाऊन ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडा.

फ्रेमचा वेग, म्हणजे कॅमेरा सेकंदाला किती चित्रं घेतो, हे याहून महत्त्वाचं. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि साधे एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होत असतात. डोळ्यांना ते जाणवत नाही, पण ३० फ्रेम आणि १/६० शटर (प्रत्येक चित्राला सेकंदाचा साठावा भाग प्रकाश) ठेवलं की चित्रात काळसर पट्ट्या सरकताना दिसू लागतात. २५ फ्रेम आणि १/५० शटर ठेवा. फोनमध्ये २५ दिसत नसेल तर सेटिंगमध्ये ‘पाल’ (२५ फ्रेमची टीव्ही पद्धत) फॉरमॅट सुरू करावा लागतो. मंडपातले खरे दिवे लावून रंगीत तालमीच्या दिवशी पाच मिनिटं चित्रीकरण करा आणि ते फोनवर न बघता मोठ्या पडद्यावर बघा. पुढे एडिटिंगमध्येही २५चे ३० करू नका; जसं घेतलं तसंच चढवायचं.

जुने स्टिल कॅमेरे वापरणार असाल तर त्यातले कित्येक २९ मिनिटं ५९ सेकंदांनी आपोआप थांबतात, हे लक्षात ठेवा. एक अंक त्याहून मोठा असतो. संहितेवर पेन्सिलीनं खुणा करा: कुठल्या प्रवेशाच्या शेवटी, दिवे गेल्यावर, बंद करून पुन्हा सुरू करायचं. कार्ड आणि पेन ड्राइव्ह एक्सफॅट या फाइल साठवायच्या पद्धतीत फॉरमॅट करा. जुन्या फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही.

आवाज कॅमेऱ्याच्या माइकवर सोडू नका. मंडपात पंखे, मागच्या रांगेतली कुजबुज, बाहेर खाज्यांच्या दुकानांपाशी चाललेला गलका, सगळं त्यात येतं. साउंडवाल्याला आधीच सांगून मिक्सरमधून वेगळी नोंद घ्या, शिवाय साथीदारांजवळ एक छोटा रेकॉर्डर ठेवा, कारण मिक्सरच्या नोंदीत गायकाचा आवाज पुढे येतो आणि तबला दबतो.

उभ्या व्हिडिओची तयारी वेगळी. फुल एचडी आडव्या चित्रातून उभा तुकडा कापला तर रुंदीला जेमतेम ६०७ पिक्सेल उरतात आणि चेहरा फुटतो. ४के मध्ये घेतलं असेल तर १२०० च्या वर मिळतात, तेवढे पुरतात. ते जमत नसेल तर विंगेजवळ दुसरा फोन उभाच लावा. तरी दोन पात्रं समोरासमोर असलेला प्रवेश उभ्या चौकटीत मावत नाही, एकाचं फक्त नाक दिसत राहतं. रीलसाठी एकट्याचं पद निवडा.

आणि ते पद कुठे कापायचं, यावर वेळ घालवा. पदाच्या पहिल्या सुरापासून सुरुवात करू नका. त्याच्या आधीच्या संवादाचं शेवटचं वाक्य घ्या, मग ऑर्गनचा सूर येऊ द्या, म्हणजे हे पात्र आत्ता का गातंय ते दोन सेकंदांत कळतं. शेवट घड्याळ बघून करू नका. तान घेऊन गायक ध्रुवपदावर परतला, समेवर आला, टाळी पडली, ती टाळी दोन सेकंद ऐकू द्या आणि मग थांबा. तानेच्या मध्येच कापलेलं पद म्हणजे तोंडाशी आलेला घास काढून घेतल्यासारखं आहे, आणि त्या गायकाचाही तो अपमान आहे. यात ८० सेकंद लागले तर लागू द्या. १५ ऑक्टोबर २०२४ पासून यूट्यूबच्या शॉर्टला तीन मिनिटं मिळतात, रीललाही आता तीन मिनिटं चालतात. फक्त एक अडचण आहे: मिनिटापेक्षा मोठ्या शॉर्टवर कंटेंट आयडीचा (यूट्यूबच्या आपोआप हक्क तपासणाऱ्या यंत्रणेचा) दावा आला तर तो अडवला जातो. जुन्या चालींवर असे दावे येऊ शकतात, म्हणून नुसत्या ध्रुवपदाची ५० सेकंदांची दुसरी प्रतही तयार ठेवा. रीलवर ओळी लिहिणार असाल तर चौकटीच्या मध्याजवळ लिहा. खालची पट्टी नावाखाली आणि मजकुराखाली झाकली जाते, उजवी बाजू बटणं खातात.

चढवण्याचा हिशेब आधी करा. फुल एचडी, २५ फ्रेम, सेकंदाला ८ मेगाबिट वेगानं मिनिटाला ६० एमबी होतात, तीन तासांच्या नाटकाचे जवळपास ११ जीबी. १० मेगाबिटच्या अपलोडला अडीच तास लागतात. जत्रेच्या रात्री गावातला टॉवर गर्दीनं दमलेला असतो, तेव्हा हे काम दुसऱ्या दिवशी ज्याच्या घरी फायबर आहे तिथून करा. व्हिडिओ आधी ‘प्रायव्हेट’ ठेवा. यूट्यूबवर आधी हलक्या दर्जाचं चित्र तयार होतं, चांगलं नंतर येतं. घाईनं लिंक पाठवली तर पहिल्या पन्नास जणांना धूसर नाटक दिसतं. कलाकारांना व्हॉट्सॲपवर तुकडे द्यायचे तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंत मूळ दर्जा राहतो.

यूट्यूबच्या वर्णनात प्रकरणं (‘चॅप्टर्स’, म्हणजे कुठला भाग कितव्या मिनिटाला ते) नक्की घाला. पहिली नोंद ०:०० ची, किमान तीन नोंदी, प्रत्येक भाग निदान १० सेकंदांचा. प्रत्येक पदाची वेळ आणि गाणाऱ्याचं नाव लिहा. मस्कतमधल्या काकाला पुतणीचं पद तीन तासांतून शोधावं लागू नये. साथीदार, रंगभूषाकार, पडदा ओढणारे, सगळ्यांची नावं त्याखाली. उपशीर्षकं करणार असाल तर एसआरटी फाइल (ओळी आणि त्यांच्या वेळांची साधी मजकूर फाइल) यूटीएफ-८ या अक्षरांच्या पद्धतीत जतन करा, नाहीतर देवनागरीचे चौकोन होतात.

मूळ चित्रीकरण दोन हार्ड डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत ठेवा, हवाबंद डब्यात सिलिका जेलसह, कारण आपल्या पावसाळ्यातली दमट हवा कॅमेऱ्याच्या भिंगालाही बुरशी आणते. फोल्डरला गाव, मंडळ, नाटक आणि वर्ष या क्रमानं नाव द्या, आणि संहितेची व परवानगीच्या पत्राची स्कॅन प्रत त्यातच टाका.