घरासाठी ऑफव्हाइट किंवा राखाडी रंग निवडताना

शेड कार्डावर साधा ऑफव्हाइट दिसणारा रंग भिंतीवर चढला की गुलाबी किंवा हिरवट भासतो. त्यात पेंटरची चूक क्वचितच असते. फिक्या रंगातही पिवळी, गुलाबी, हिरवी किंवा निळी झाक असतेच. लहान चौकोनात ती लपते, चार भिंतींवर उघडी पडते. ती ओळखायची तर कार्ड कोऱ्या पांढऱ्या कागदावर ठेवा आणि त्याच पट्टीतली सर्वांत गडद छटा बघा. तिथे झाक लपत नाही.

मग कार्ड फरशीवर टेकवा. भिंत बदलता येते, फरशी नाही, म्हणून निवड तिथूनच सुरू करायची. हस्तिदंती व्हिट्रिफाइड टाइल्सवर निळसर राखाडी लावला, तर टाइल्स पिवळ्या, मळकट दिसू लागतात. तिथे पिवळसर झाकेचा ऑफव्हाइट बरा. कोटा फरशी हिरवट असते. तिच्याशेजारी गुलाबी झाकेचा बदामी आणखी गुलाबी दिसतो.

उत्तरेच्या खिडकीतला उजेड निळसर असतो, त्यात राखाडी खोली थंड, उदास वाटते. पश्चिमेच्या खोलीत क्रीम संध्याकाळी पिवळाधमक होतो. खिडकीसमोर झाड किंवा निळ्या पत्र्याची शेड असेल, तर तिचाही रंग आत येतो. आणि दिवे! ६५०० केल्विनची पांढरी ट्यूब आणि ३००० केल्विनचा पिवळसर बल्ब यांच्याखाली एकच भिंत दोन रंगांची वाटते. दिवे बदलायचे असतील तर रंगाआधी बदला.

नमुना जुन्या रंगावर मारू नका, खालचा रंग फसवतो. दोन बाय दोन फुटांच्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर रंगाचे दोन हात (थर) द्या, वाळू द्या, आणि तो उभा धरून सकाळी, दुपारी व रात्री दिव्याखाली बघा. ओला रंग बघून ठरवू नये. वाळल्यावर तो बदलतो.

रंग किती लागेल? १० बाय १२ फुटांची, १० फूट उंच खोली: भिंती ४४० चौरस फूट, दार-खिडकी वजा जाता साधारण ४००. दोन हातांसाठी लिटरला ११० चौरस फूट धरले, तर चार लिटरचा डबा पुरतो. डब्यावरचा आकडा गुळगुळीत भिंतीचा असतो, त्यावर विसंबू नका. दोन डबे लागणार असतील तर दोन्ही एका बादलीत एकत्र करा, नाहीतर भिंतीच्या मधोमध सांधा दिसेल.

लांबी (भिंत सपाट करणारी पुट्टी) घासल्यावर प्रायमर टाळू नका. लांबी रंग शोषते आणि फिक्या भिंतीवर चट्टे उठतात. भिंत उंचसखल असेल तर मॅट घ्या. चकाकीचा रंग धुता येतो खरा, पण लांबी लावताना पत्र्याने ओढलेली प्रत्येक रेघ दाखवतो. ओल असेल तर आधी गळती बंद करा. छताला झगझगीत पांढरा दिला की भिंतीचा ऑफव्हाइट जुनाट वाटतो, म्हणून भिंतीचीच झाक असलेला अधिक फिका पांढरा मागा.

झाकणावरच्या शेड कोडचा फोटो काढून ठेवा आणि उरलेला रंग घट्ट बंद करून ठेवा. खिळ्याचे भोक बुजवताना त्याच डब्यातला रंग लागतो.