वेरूळ मंगळवारी बंद

माझ्या पहिल्या मार्गदर्शिकेत छापलं होतं : वेरूळ सोमवारी बंद, अजिंठा मंगळवारी बंद. बरोबर उलटं. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, अजिंठ्याची सोमवारी. प्रवासाची पुस्तकं लिहायचीत, रेडिओवर बोलायचंय म्हणून कुणी विचारायला आलं की मी आधी हे सांगतो, मग चहा.

पुस्तक येऊन दोन महिने झाले असतील. मंगळवारी सकाळी फोन आला. निलंग्याकडचे गृहस्थ, क्रूझर करून रात्रभर प्रवास करून आलेले, सोबत म्हातारी आई आणि लेकरं. "सर, तुमचं पुस्तक हातात धरून गेटासमोर उभा हाय. इथं तर बंद हाय." आवाजात राग नव्हता, त्याचंच जास्त वाईट वाटलं. घृष्णेश्वराचं दर्शन घ्या, दौलताबादचा किल्ला करा, असं काहीबाही मी सांगत राहिलो. "ते करतोच हो," ते म्हणाले, "पण आईला कैलास दाखवायचा होता."

चूक आळसातून झाली असती तर समजलो असतो. पण पितळखोऱ्याच्या लेण्यांच्या पायऱ्या मी दोनदा उतरलो होतो. नळदुर्गात बोरी नदीचं पाणी बंधाऱ्यावरून केव्हा पडायला लागतं, नर-मादी धबधबे नेमके कधी दिसतात, हे विचारायला तीन खेपा घातल्या. ती गावं मला परकी होती म्हणून विचारलं. वेरूळ घरचं. शाळेच्या सहलीपासून पाहिलेलं. ३४ लेणी, पहिली १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, शेवटची ५ जैन, झोपेतून उठवलं तरी सांगेन. म्हणून तपासलंच नाही. मुद्रितं तीनदा वाचली आणि तिन्ही वेळा नजर त्या ओळीवरून घसरली, कारण मी कागद वाचतच नव्हतो, डोक्यातलं वाचत होतो.

पुढचं सांगायला अजून लाज वाटते. त्या फोनच्या आधीच रेडिओवर माझं भाषण झालं होतं, आणि त्याची संहिता लिहिताना वार मी माझ्याच पुस्तकातून उतरवले होते. छापलंय म्हणजे बरोबरच असणार! उरलेल्या चारशे प्रतींवर मी आणि बायकोनं मैद्याची खळ करून दुरुस्तीच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. बोलून गेलेल्या शब्दावर काय चिकटवणार?

आता नाशवंत मालाची माझी वेगळी वही आहे. सुट्टीचा वार, वेळ, तिकीट, फर्दापूर फाट्यावरून अजिंठ्याला जाणाऱ्या बसची शेवटची फेरी. प्रत्येक नोंदीपुढे कुणाला विचारलं ते आणि तारीख. छपाईला जायच्या आठवड्यात सगळं पुन्हा विचारायचं, आणि पहिला फोन सगळ्यात ओळखीच्या ठिकाणी. गावांची नावंही त्याच वहीत. २०२३ पासून जिल्हे छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव झाले, पण लोकांच्या तोंडी जुनं-नवं दोन्ही आहे. दोन्ही द्या, वाचकाला बस पकडायची असते.

गुरूबिरू करू नका, असं माझं मत आहे. कुणाला राग आला तर येऊ द्या. माझ्या गुरूंनी चार पानी सुंदर प्रस्तावना दिली, पण आतलं पुस्तक वाचलं नाही. त्यापेक्षा एखादा निवृत्त हेडक्लार्क गाठा आणि त्याच्या हातात लाल पेन द्या. घरबसल्या व्हिडिओ बघून लिहिणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. लोणार मराठवाड्यात नेऊन ठेवणारे तेच; ते बुलढाण्यात, म्हणजे विदर्भात.

रेडिओच्या स्वरचाचणीत नापास झालात तर खचू नका. मी पहिल्यांदा 'ण'वर पडलो. नळदुर्गच्या बंधाऱ्यातल्या पाणी महालाला 'पानी महाल' म्हणालो. महिनाभर आरशासमोर 'पाणी, लोणी, पेरणी' घोकलं. आणि रेडिओवर 'डावीकडचं शिल्प बघा' म्हणू नका, ऐकणारा स्वयंपाकघरात असतो. पायऱ्या किती, सावली कुठे, वटवाघळांचा वास कुठून सुरू होतो, ते सांगा.

पैसे? माझं घर शिकवण्यांवर चाललं. नोकरी सोडून यात उडी मारणार असाल तर मारू नका, स्पष्ट सांगतो. पण काम भरपूर पडलंय. तेर, खरोसा, अन्वा, कंधार, परांडा... एक तालुका जरी नीट पायाखाली घातलात तरी पुस्तक होतं. भाषा येते हळूहळू, माझी आली.

निलंग्याच्या त्या गृहस्थांना मी दुसरी आवृत्ती पाठवली. दिवाळीच्या सुट्टीत त्यांचा फोन आला, अजिंठा कधी बंद असतं विचारायला.

"पुस्तकात दिलंय की," मी म्हणालो.

"हाव, वाचलं. तरी म्हणलं विचारावं."