रेडिएटर रिकामा झाला, इंजिन नाही: कूलंट बदलताना या चुका टाळा

मे महिना, भर दुपार, खंबाटकी घाट. पुण्याहून साताऱ्याकडे निघालो होतो. निम्मा चढ चढून झाला आणि तापमानाचा काटा, जो एरवी मधल्या खुणेच्या जरा खालीच असायचा, लाल पट्टीकडे सरकायला लागला. एसी बंद केला, गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं. कूलंटची बाटली काठोकाठ भरलेली, ‘मॅक्स’च्या खुणेच्याही वर. म्हणजे कूलंट होतं. तीनच दिवसांपूर्वी मी स्वतः अंगणात बसून ते बदललं होतं.

घाटाखालच्या गावातून मेस्त्री आले. त्यांनी तासभर कशालाच हात लावला नाही, गाडी पूर्ण थंड होऊ दिली. मग हीटरकडे जाणारा होज पाईप दोन बोटांनी दाबून पाहिला. पोकळ लागला. म्हणाले, “दादा, हवा राहिलीय आत. कूलंट संपलेलं नाही, जिथं पोचायला पाहिजे तिथं पोचलेलंच नाही.”

त्यानंतर मी घरच्या आणि नात्यातल्या पाच-सहा गाड्यांचं कूलंट बदललं आहे. माझं मत आता पक्कं आहे: जुन्या कूलंटपेक्षा घाईत बदललेलं कूलंट जास्त गाड्या तापवतं. बहुतेक चुकांच्या मुळाशी एकच गैरसमज असतो, रेडिएटर रिकामा झाला म्हणजे सगळं रिकामं झालं.

खालचा स्क्रू उघडला, आता पाणी मारलं की झालं

रेडिएटरच्या तळाचा ड्रेन स्क्रू उघडला की साधारण निम्मं कूलंट बाहेर येतं. उरलेलं इंजिनच्या ब्लॉकमध्ये, हेडमध्ये आणि डॅशबोर्डमागच्या हीटरच्या छोट्या जाळीत तसंच बसून राहतं. माझ्या गाडीत एकूण ४ लिटर मावतं. मापाच्या भांड्यात धरलं तेव्हा २.२ लिटर निघालं.

मग लोक वरून नळी लावतात, खालून स्वच्छ पाणी आलं की समाधान मानतात. धुतला गेला तो फक्त रेडिएटर. इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट, म्हणजे तापल्यावर उघडणारा वॉल्व्ह, बंद असतो. बऱ्याच पेट्रोल गाड्यांत तो सुमारे ८२ अंश सेल्सिअसला उघडायला लागतो. तोवर रेडिएटरमधलं पाणी ब्लॉकमध्ये फिरत नाही, त्यामुळे आतला गंज आणि गाळ जागेवरच राहतो.

फ्लशिंग खरं होतं ते असं: कूलंट सोडा, स्क्रू लावा, डिस्टिल्ड वॉटर भरा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, इंजिन चालू करा. वरचा होज पाईप हाताला चांगला गरम लागेपर्यंत आणि पंखा एकदा फिरेपर्यंत थांबा. मग इंजिन बंद करा, गाडी थंड होऊ द्या आणि पाणी सोडा. पहिल्या वेळी चहासारखं निघतं, दुसऱ्या वेळी फिकट, तिसऱ्या वेळी बहुधा स्वच्छ. प्रत्येक वेळी गाडी थंड होण्यातच दोन-तीन तास जातात, म्हणून हे काम शनिवार-रविवारचं आहे. संध्याकाळी पाहुण्यांना आणायला स्टेशनवर जायचं असेल त्या दिवशी ते हातात घेऊच नका.

ड्रेन स्क्रू बहुतेक गाड्यांत प्लास्टिकचा असतो. तो पक्कडीने आवळू नका, हाताने घट्ट केलेला पुरतो. ठिबकत असेल तर त्याची रबरी रिंग बदला, जोर लावू नका.

तयार कूलंट ओतायचं आणि वर हिशेब करायचाच नाही

हे गणित फार कमी जण करतात. शेवटचं पाणी सोडल्यावरही माझ्या गाडीत १.८ लिटर साधं पाणी उरतं. त्यावर निम्मं पाणी मिसळलेलं तयार कूलंट २.२ लिटर ओतलं, तर मूळ कूलंट पडतं फक्त १.१ लिटर. ४ लिटरमध्ये जेमतेम २७-२८ टक्के. डब्यावर ५०-५० लिहिलेलं असतं, पण इंजिनात ५०-५० होत नाही.

म्हणून पाण्याने फ्लश केलं असेल तर कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेलं कूलंट, घ्या. एकूण मापाच्या निम्मं, म्हणजे माझ्या गाडीला २ लिटर कॉन्सन्ट्रेट आधी, आणि वरची जागा डिस्टिल्ड वॉटरने. एकूण माप गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. जुनं कूलंट स्वच्छ होतं, पाण्याने धुतलंच नाही, आणि त्याच प्रकारचं नवं भरायचं आहे, तर मात्र तयार कूलंट चालतं.

‘जास्त कूलंट म्हणजे जास्त थंडावा’ हाही गैरसमजच. उष्णता वाहून नेण्यात पाणी सरस आहे. निव्वळ कॉन्सन्ट्रेट भरलं तर गाडी उलट जास्त तापते.

“आपल्याकडे कुठं बर्फ पडतो?”

कूलंटच्या अँटीफ्रीझ, म्हणजे ‘गोठू न देणारं’, या दुसऱ्या नावाने हा घोळ झाला आहे. नागपूरच्या उन्हाळ्यात पाणी गोठणार नाही, हे खरंच. पण कूलंट उकळण्याचा बिंदू वर नेतं. निम्मं-निम्मं मिश्रण, वर दाब धरणारी चांगली टोपी, तर ते १२५ अंशांच्या पुढेच उकळतं. शिवाय त्यातली गंजरोधक द्रव्यं ॲल्युमिनियमचं हेड, वॉटर बॉडी (कूलंट फिरवणारा पंप) आणि जाळी यांना जपतात. कूलंट जुनं होतं म्हणजे मुख्यतः ही द्रव्यं संपतात. रंग छान हिरवा दिसत असला तरी ती संपलेली असू शकतात.

बोअरचं पाणी

मावसभावाने त्याच्या गाडीत वर्षभर शेतातल्या बोअरचं पाणी टाकलं. टीडीएस मीटरवर ते ८०० दाखवत होतं. मी टोपी काढली तेव्हा रेडिएटरच्या गळ्याला आतून पांढरा पापुद्रा होता. नखाने खरवडला की अंड्याच्या कवचासारखा तुकडा सुटायचा. गळ्याशी एवढं, तर जाळीच्या बारीक नळ्यांत काय झालं असेल? गरम धातूवर क्षार आधी बसतात, आणि तो थर उष्णता अडवतो. पाणी भरलेलं असूनही ती गाडी चढाला तापत होती.

आरओचं पाणी नळाच्या पाण्यापेक्षा बरं, पण त्यातही थोडे क्षार असतात. बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड वॉटर घ्या, ते पेट्रोल पंपावर, स्पेअर पार्टच्या दुकानात सहज मिळतं. फक्त दुकानात नीट सांगा. ‘बॅटरीचं पाणी’ म्हणून ॲसिडचा कॅन हातात पडता कामा नये, लेबल वाचूनच घ्या.

रस्त्यात अडकलात आणि दुसरं काहीच नसेल तर बाटलीबंद पाणी टाकून घरी या, त्यात काही वावगं नाही. ते तसंच वर्षभर ठेवणं ही चूक.

रंग बघून कूलंट निवडणं

हिरवं, लाल, निळं, गुलाबी, पिवळं. या रंगांना ठरलेला अर्थ नाही, प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीने रंग घालते. महत्त्वाचं आहे ते आतलं रसायन. जुन्या पद्धतीचं आयएटी (इनऑरगॅनिक गंजरोधकांचं) साधारण २ वर्षं किंवा ४०,००० किलोमीटर टिकतं. ओएटी (ऑरगॅनिक ॲसिडच्या) प्रकारचं ५ वर्षांच्या आसपास. जपानी घराण्याच्या गाड्यांत बहुधा फॉस्फेटवालं ओएटी येतं. दोन प्रकार मिसळले की दोघांचीही गंजरोधक ताकद घटते, कधी गाळही तयार होतो.

डब्यावर आयएस ५७५९ किंवा जेआयएस के २२३४ असं काही मानक छापलंय का बघा, आणि गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्या प्रकाराशी ताडून पाहा. सेकंडहँड गाडी घेतली असेल आणि आत काय आहे ते कोणालाच ठाऊक नसेल, तर अंदाजाने वरून भरत बसू नका, पूर्ण फ्लश करून एकाच प्रकारावर या. बॉनेटच्या आत एक चिठ्ठी चिकटवा: तारीख, किलोमीटर, कूलंटचा प्रकार.

आत अडकलेली हवा

माझी चूक ही होती. मी रेडिएटर भरला, बाटली भरली, टोपी लावली, एक फेरी मारली. बाटली भरलेली दिसली म्हणून निश्चिंत झालो. पण ज्या गाड्यांत रेडिएटरला स्वतःची टोपी असते, तिथे बाटली ही फक्त साठ्याची. रेडिएटर रिकामा असला तरी बाटली भरलेली दिसू शकते. हवा तापून फुगली, तिने कूलंट बाटलीत ढकललं, आणि हेडभोवती उरली वाफ.

हवा अडकल्याच्या खुणा ओळखू येण्यासारख्या आहेत. डॅशबोर्डमागून पाणी खळखळल्याचा आवाज येतो. हीटर गरमवर असून वारा थंड येतो, किंवा गरम-थंड होत राहतो. काटा एकदम वर उडतो आणि पुन्हा खाली येतो, कारण सेन्सरभोवती कधी द्रव असतो, कधी वाफ.

टाळायचं कसं? गाडीचं तोंड चढाकडे करून लावा, चाकांना दगड लावा, हँडब्रेक ओढा. हीटर पूर्ण गरमवर. गार इंजिनात, टोपी उघडी ठेवून, बारीक धारेने कूलंट ओता आणि मध्ये मध्ये वरचा होज पाईप दाबत राहा. बुडबुडे येतील. हवा सोडण्याचा स्क्रू दिलेला असेल तर तो सैल करा, बुडबुड्यांशिवाय सलग धार आली की बंद करा. मग इंजिन चालू करा. थर्मोस्टॅट उघडतो त्या क्षणी गळ्यातली पातळी झटकन खाली जाते. तिथे पुन्हा भरा, टोपी लावा. तोंड गळ्यावर नेऊ नका आणि हात पंख्यापासून लांब ठेवा. हा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो.

नंतरचे तीन-चार दिवस सकाळी, गाडी गार असताना, टोपी काढून रेडिएटरमधली पातळी बघा. पहिल्या दोन दिवसांत थोडी उतरते, भरा. त्यानंतरही रोज उतरत असेल तर कुठेतरी गळती आहे.

ज्या गाड्यांत रेडिएटरला टोपीच नसते, तिथे ती बाटली स्वतः दाबाखाली असते. भरायचं आणि तपासायचं बाटलीतूनच. तीही गरम असताना उघडायची नाही.

हळद, ॲसिड आणि काढून टाकलेला थर्मोस्टॅट

रेडिएटर ठिबकतो म्हणून त्यात हळद टाकणं आपल्याकडे अजून चालतं. भेग तात्पुरती बुजते, हे खरं आहे. आडरानात रात्री अकरा वाजता मीही टाकेन. पण तीच हळद पुढे हीटरच्या जाळीत साचते. गळतीवरच्या तयार पावडरींचंही तसंच. घरी पोचल्यावर गळती दुरुस्त करा आणि सगळं धुऊन काढा.

क्षार काढायला संडास साफ करायचं ॲसिड किंवा कपड्यांचा सोडा वापरू नका. दोन्ही ॲल्युमिनियम खातात. रेडिएटर फ्लश म्हणून जे द्रव मिळतं ते वापरा, डब्यावर लिहिलंय तेवढीच मिनिटं, आणि नंतर दोनदा साध्या डिस्टिल्ड वॉटरने धुवा.

गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकणारे मेस्त्री अजून भेटतात. “आपल्या गरमीत लागतो कशाला, साहेब?” लागतो. तो नसला की इंजिन योग्य तापमानाला पोचतच नाही, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) इंजिन थंड समजून जास्त पेट्रोल सोडतो, ॲव्हरेज पडतं, ऑइलमध्ये चिकट गाळ धरतो. आणि तापण्याचं मूळ कारण तसंच राहतं. अडकला असेल तर नवा बसवा.

गरम टोपी

हे थोडक्यात, पण जिवाचं. दाबाखालचं कूलंट १०० अंशांच्या वर असूनही शांत दिसतं. टोपी फिरवली की क्षणात वाफ होऊन अंगावर येतं. फडकं धरूनही उघडू नका. वरचा होज पाईप हाताला गार लागेल तेव्हाच उघडा. तापलेल्या इंजिनात गार पाणीही ओतू नका, हेड वाकतं किंवा तडकतं.

टोपीचं रबर चिरलं असेल तर ती बदला. तिच्यावर ०.९ किंवा १.१ असा दाबाचा आकडा असतो, नवी टोपी त्याच आकड्याची घ्या. गाडी गार झाल्यावर वरचा होज पाईप चपटा झालेला दिसला, तर टोपीतला आत ओढणारा वॉल्व्ह अडकला असल्याची शक्यता मोठी.

सगळं नीट केलं, तरी काटा वर जातो

हायवेवर ठीक आणि सिग्नलला तापते, तर पंखा, त्याचा रिले आणि फ्यूज बघा. वेगात आणि चढावर तापते, तर जाळी तुंबली असेल. बाहेरून चिखल आणि किडे बसलेत का तेही बघा, पण प्रेशरचा फवारा मारू नका, जाळीचे पत्रे वाकतात. फ्लशिंगनंतर वॉटर बॉडीखाली ठिबकायला लागलं, तर तिचं सील गेलंय. गाळाने बुजलेली गळती धुतल्यावर मोकळी झाली, एवढाच त्याचा अर्थ.

कूलंट कमी होतंय पण जमिनीवर थेंब नाही, टोपी उघडी ठेवून इंजिन चालू केल्यावर बुडबुडे थांबतच नाहीत, ऑइल दुधाळ झालंय किंवा गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येतोय, तर हेड गॅस्केट (ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं सील) गेलं असण्याची दाट शक्यता. अशा गाडीवर कूलंटचे पैसे घालवू नका. तशीच चालवूही नका, आधी हेड उघडून घ्या.

काढलेलं जुनं कूलंट

कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे आणि चवीला गोड. घमेल्यात उघडं राहिलं तर कुत्री-मांजरं चाटतात, आणि थोडंसं पोटात गेलं तरी त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. विहिरीजवळ, गटारात, झाडाच्या आळ्यात ओतू नका. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत तर कधीच भरून ठेवू नका. हिरव्या-गुलाबी रंगाची बाटली मुलांना काय वाटेल, ते सांगायला नको. मी कूलंटच्याच रिकाम्या कॅनमध्ये भरतो, झाकण आवळून त्यावर मार्करने ‘विष’ लिहितो आणि जळकं ऑइल जमा करणाऱ्या गॅरेजला आधी विचारून तिथे नेऊन देतो. जमिनीवर सांडलेलं वाळू टाकून टिपतो आणि ती फरशी लगेच धुतो, कारण आमच्या गल्लीतली मांजर गाडीखालीच झोपते.